दोन्ही बिंदूच ना

थोरल्या मुलाची एक खोड म्हातारीला मुळीच खपत नसे. डॉक्टरनं विचारायचं तिला आणि उत्तर द्यायचं ह्यानं, जशी काही तिची जीभ घरीच राहिली होती.

"झोप का येत नाही, आजी?"

"वय झालंय," थोरला म्हणाला.

"डोळ्यांचं काही?"

"मोतीबिंदू आहे. बाकी ठणठणीत."

डॉक्टरनं झोपेची गोळी लिहून कागद पुढे सरकवला. म्हातारीनं पिशवीतली थेंबांची बाटली काढून त्या कागदावर ठेवली.

"मोती नाही हो. काचबिंदू."

डॉक्टरनं बाटलीवरचं नाव वाचलं आणि गोळी खोडली. "हिच्यानं डोळ्यातला दाब वाढला असता, नजर गेली असती. तुमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांशी बोलून दुसरी देतो."

"दोन्ही बिंदूच ना, आई," थोरला ओशाळून म्हणाला. "नावात जरा गफलत झाली."

"मोतीबिंदू काढला की दिसतं, बाबा. काचबिंदूनं गेलेलं परत येत नाही. त्या धास्तीनंच वर्षभर माझा डोळ्याला डोळा लागत नाही. तू आता बाहेर बाकावर जाऊन बस. माझं दुखणं माझं मी सांगते."