भरलेली बोट

धरणात बुडालेले बाबा तिसऱ्या दिवशी सापडले. बोट त्यांना घेऊन काठाला लागली, बिडकीनहून ॲम्ब्युलन्सही आली होती. मी चादर घेऊन पुढे झाले, तेव्हा शोधपथकाचा प्रमुख म्हणाला, "ताई, जरा थांबा. रिकामी बोट ट्रेलरवर सरळ चढती, वजन असलं की अडकती. आज आयतं वजन हाय, तर ट्रेलरचा रोलर जमवून घेतो." दोघांनी पान्यानं नट सैल केले, रबरी रोलर खाली घेतला आणि दोर ओढला. बोट अर्ध्यावर चढून घसरली. बाबांचं डोकं फळीवर आपटलं. "म्हाताऱ्याला मागं सरकवा," कोणीतरी म्हणालं. त्यांना पाय धरून ओढलं. रोलर आणखी खाली गेला. या वेळी बोट अलगद चढली. "लई सोपं झालं बघा," प्रमुख मला म्हणाला. मी चादर उलगडली. पण रोलर नीट जमला का, याची खात्री करायला त्यांनी बाबांसकट बोट पुन्हा पाण्यात सोडली.