केतकीच्या मापाची सायकल

कल्पना कर, आजवर तू वडिलांची उंच सायकल मधल्या नळीखालून पाय घालून, लटकतच चालवली आहेस. केतकीचंही तसंच होतं. मामांनी तिचं माप घेऊन शर्यतीची हलकी सायकल बनवली, तरी सवयीनं तिचा पाय नळीखालीच गेला.

"अगं, सीटवर बस! तुझ्याच मापाची आहे," मामा हसले. "देवळापर्यंतचा चढ न उतरता चढलीस, तर शर्यतीत तुझं नाव घालतो."

पहिलं पायडल मारताच सायकल उधळली. कोंबड्या पळाल्या, वेणी सुटली. जिथं ती रोज उतरून सायकल ढकलायची, तो वडही मागे पडला!

देवळाशी पोचताच, मागून मोटरसायकलवर आलेले मामा ओरडले, "घातलं नाव! उतर आता!"

केतकी हसतच वळली, सुसाट खाली गेली आणि पुन्हा पहिल्यापासून चढायला लागली.