लोखंडाची डबी

एन्सिओनं ‘सहा पूर्णांक चार’ टाइप केलं आणि शेजारी बसलेल्या तेल्लेर्वोच्या काळजात आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

चूक. धडधडीत चूक. पडद्यावर क्ष-किरणांचा एकच सुळका उभा होता आणि तो लोखंडाचा नव्हता. यंत्राची मापं जुळवायला समोर ठेवतात त्या डबीवर लिहिलेलं असतं ‘लोखंड’, पण त्यातलं किरणोत्सारी लोखंड हळूहळू मँगनीज होत जातं आणि बाहेर पडतात ते किरण मँगनीजचे. त्यांची ऊर्जा पाच पूर्णांक नऊ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट; सहा पूर्णांक चार ही खुद्द लोखंडाची. तुर्कूच्या त्या प्रयोगशाळेत नवख्या पोरांना आल्या आल्या हेच बजावतात. पण एन्सिओसाहेबांनी कित्येक वर्षांत डबी हातात धरली होती कुठे? ते नुसती भाषणं ठोकत होते.

तीही तेल्लेर्वोच्या फिल्टरवर! किरणाचा एकेक ठोका गोंगाटातून अचूक वेचायची ती रीत तिनं अख्खा हिवाळा डोकेफोड करून रचली होती. वसंतात एन्सिओ परिषदेला गेला आणि परत आला तेव्हा जग तिच्या रीतीला ‘एन्सिओ फिल्टर’ म्हणत होतं. तिनं तक्रार केली नाही. विसरली मात्र नाही. रोज सकाळी त्याला ‘सुप्रभात’ म्हणताना तिचे दात आवळले जात.

आज तो निवृत्त होत होता. उपग्रहावर जाणाऱ्या यंत्राचा गेन, म्हणजे प्रत्येक ठोक्याला कितीनं गुणायचं तो आकडा, जाता जाता आपल्या हातानं ठरवायची त्याला हौस आली होती. समोरचा सुळका कितीचा ते सांगायचं. गुणायचा आकडा यंत्र आपलं आपण जुळवतं. मग तो चिपमध्ये कोरला जातो आणि कोरलेलं पुसता येत नाही. म्हणून जुना नियम होता: एकानं टाइप करायचं, दुसऱ्यानं पाहून ‘बरोबर’ म्हणायचं.

“काय गं, म्हातारा एका बोटानं टाइप करतो म्हणून हसतेस होय?”

“छे, हसतेय कुठे?”

“मग सांग की. बरोबर ना?”

यंत्र एन्सिओच्या नावानं वर जाईल, सगळी मापं चुकतील, आणि ज्याला साधी डबी ओळखता आली नाही तो हाच, असं म्हणून परिषदाच्या परिषदा खदखदून हसतील. तेल्लेर्वोला ते हसू आत्ताच ऐकू येत होतं.

“बरोबर,” ती गोड आवाजात म्हणाली.

त्यानं बटण दाबलं. कोरणं संपेपर्यंत यंत्रापाशी थांबायला कैसू नावाची तंत्रज्ञ होती. बाकीचे निरोपाच्या कॉफीला गेले.

वेलदोड्याचे पाव वाटून झाले तसा एन्सिओ उठला. घसा खाकरला. “भाषणं पुष्कळ झाली. खरं बोलायचं तेवढं राहिलं. तो फिल्टर माझा नाही, तेल्लेर्वोचा आहे. मी चोर होतो आणि वर भित्राही. परवाच परिषदेला तसं कळवलंय. आजपासून या यंत्राची प्रमुख तीच, आणि यंत्रावर नावही तिचंच.” तो तिच्याकडे वळला. “आज तुला मुद्दामच शेजारी बसवलं. माझी चूक पकडेल असं इथं दुसरं आहे कोण?”

लोक टाळ्या वाजवू लागले. तेल्लेर्वोच्या हातातला कप बशीवर आपटला. ती उठली आणि कुणाला काही कळायच्या आत प्रयोगशाळेकडे धावत सुटली.

“कैसू, थांबव! बंद कर ते!”

कैसूनं हातमोजे काढले होते. यंत्रावरचा हिरवा दिवा लागला होता.

“आता काय थांबवू? केव्हाच कोरून झालं,” ती हसत म्हणाली. “साहेबांनी मला सकाळीच सगळं सांगितलंय. अभिनंदन, बाई! आता हे यंत्र जन्मभर तुझ्या नावानं बोलणार.”