खिडकीकडे बघणारे गणपती

पुंडलिक गुरुजींना गणपतीच्या कारखान्यात बसवून घेण्यात महिपतीचा सगळा फायदाच होता. बायकांची तोंडं बंद राहणार, हात चालू राहणार, आणि खर्च काय, तर दोन वेळचा चहा. गुरुजींचाही फायदा होता. शाळेतून निवृत्त झाल्यापासून रोह्यात त्यांचं ऐकणारं कुणी उरलं नव्हतं. त्यांच्या खिशात कायम एक चिठ्ठी असे. वर 'वाचा, ऐका, पाहा' आणि खाली नावांची रांग. अशी एक चिठ्ठी त्यांनी सुनेला दिली, तर तिनं पाठच्या कोऱ्या बाजूला वाणसामानाची यादी केली. तेव्हापासून ते सकाळच्या गाडीनं पेणला येत, आणि महिपतीच्या कारखान्यात तीन बायका त्यांच्या चिठ्ठीतलं तिसरं पुस्तक कानांनी वाचत होत्या.

आज पुस्तकातली होडी ऐन ओहोटीला खाडीच्या गाळात रुतली होती. होडीत विधवा नावाडीण, तिची मुलगी, आणि मुलीची परीक्षा तासाभरावर. गुरुजी खिडकीतल्या उजेडाला स्टूल घेऊन बसले होते. रंभा पितांबर रंगवत होती, विमलबाई दागिने. गिरजाबाईकडे डोळे. झालेला गणपती तिच्या पुढ्यातून उचलायचा, डोळे पारखायचे आणि समोरच्या फळीवर ठेवायचा, हे काम महिपती दुसऱ्या कुणाला करू देत नसे.

गुरुजी चहाला थांबले, तेव्हा तो फळीपुढं उभा राहिला. मग एक पाऊल मागं सरला. मग हात जोडून वाकून बघितलं. मान तिरकी केली.

"गिरजाबाय," तो म्हणाला, "ह्ये कुणाकडं बघतायत गो?"

गिरजाबाईनं फळीकडं बघितलं. मग खिडकीतल्या स्टुलाकडं. हातातला ब्रश तिनं हळूच वाटीवर आडवा ठेवला.

"गुरुजींकडं," रंभा म्हणाली. "कान बघा की केवढे. त्ये पण ऐकतायत."

विमलबाईला हसू आलं, ते तिनं पदरात दाबलं. फळीवर शेवटचे पाच गणपती होते, आणि पाचांचीही नजर महिपतीच्या खांद्यावरून खिडकीकडं गेली होती.

महिपती हसला नाही. चार वाजता कोलाडचा टेम्पो यायचा होता. आपण हात जोडावे आणि देवानं दुसरीकडंच बघावं, असा गणपती कोण नेणार? आणि डोळे पुसून पुन्हा काढायचीही सोय नव्हती. त्याच्या बापाचा कारखान्यात एकच नियम होता : डोळा एकदा उघडला की देव बघायला लागला, त्याला आंधळा करायचा नाही.

"पाची तुझ्या मजुरीतनं, आणि घरला तूच ने," तो म्हणाला. "आणि आजपासनं ह्ये वाचणं बंद."

गुरुजींनी चहाचा कप खाली ठेवला. पुस्तक मिटलं, पण बोट पानातच ठेवलं.

गिरजाबाई या कारखान्यात गेली बारा वर्षं डोळे काढत होती. तिला अक्षर येत नव्हतं. "पाची माझ्याच मजुरीतनं," ती म्हणाली. "हात माझा हाय. पण वाचणं बंद करू नका, शेट. ती पोर अजून गाळात हाय."

"पाच गणपती ठेवशील कुठं? निडीचं तुझं घर केवढं, मला ठावं नाय?"

"ठेवीन एकावर एक. पर त्या पोरीला तशी टाकून मी घरला जायाची नाय."

विमलबाई म्हणाली, "गुरुजी मघाशीच थांबत व्हते. मीच म्हटलं, अजून एक पान. त्यातला एक माझा."

"एक माझा," रंभा म्हणाली. "मला तर रडताना समोरचं दिसत बी नव्हतं." ते खरंच होतं. तिच्या पुढ्यातल्या देवाचा पितांबर पावलांवर उतरला होता.

"वाचलं मी," गुरुजी म्हणाले. "एक मी नेतो. आमच्या घरात कान देणारा कुणीतरी येईल."

महिपतीनं बोटांवर मोजलं. गिरजाबाईचा एक धरून चार गणपती झाले. तो पुन्हा गिरजाबाईकडं वळला. "आणि पाचवा?"

तिनं ब्रश उचलला, पाण्यात बुडवला, टोक ओठांनी सारखं केलं.

"शेट, डोळे पारखून फळीवर कोण ठेवत व्हतं?"

महिपतीनं फळीकडं बघितलं. गेल्या तासाभरात हे पाच देव त्याच्या हातांतून गेले होते. त्याला आठवत होता तो पोरीच्या मांडीपर्यंतचा गाळ, तिनं डोक्यावर धरलेलं पुस्तकांचं गाठोडं आणि किनाऱ्यावरून कुणीतरी फेकलेला दोर. डोळे एकाचेही आठवत नव्हते.

तो खिडकीपाशी गेला. गुरुजींना उठवून त्यानं स्टूल उचललं, गिरजाबाईच्या बरोबर समोर आणून ठेवलं आणि वरचा दिवा लावला.

"हितं बसा," तो म्हणाला. "म्हंजे नजर सरळ येल. आणि दोर फेकला तिथनं सुरू करा."

टेम्पो पाच गणपती कमी घेऊन कोलाडला गेला. एक निडीला गिरजाबाईकडं बसला, एक रंभेकडं, एक विमलबाईकडं, एक रोह्याला. पाचवा महिपतीच्या घरी. त्या वर्षी त्याच्याकडं दर्शनाला आलेला प्रत्येक माणूस नमस्कार करून उठताना एकदा मागं वळून बघायचा.