किती बोटं?

रग्बी शिकवायला लागून मला सतरा वर्षं झाली. खेळताना कुणाच्या डोक्याला लागलं की माझी तपासणी ठरलेली. समोर दोन बोटं धरायची.
"किती?"
"दोन, सर."
"शाब्बास, जा आत."
सतरा वर्षांत तिसरं बोट कधी उघडलं नाही. डोक्याच्या दुखापतीवरची संघटनेची पुस्तिका माझ्या किटबॅगेच्या तळाशी होती. तिच्यावर मी चिखलाचे बूट ठेवायचो.

शनिवारच्या सामन्यात समोरच्या मुलीचा गुडघा आमच्या कॅप्टनच्या कानशिलावर बसला. ती पडली, उठली, झोकांड्या खात माझ्यापाशी आली. मी हात वर करायच्या आधीच म्हणाली, "दोन, सर."
राखीव बाकावरच्या मुली खिदळल्या. मीही हसलो आणि तिला आत पाठवलं. दहा मिनिटांनी ती उभ्या उभ्या कोसळली. आसपास कुणीही नव्हतं.

आज तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये तिने डोळे उघडले. मी दाराशीच उभा राहिलो. तिची आई पलंगावर वाकली.
"बाळा, मी कोण? ओळखलंस ना?"
पोरीने आईच्या तोंडाकडे बघितलं.
"दोन, सर," ती म्हणाली. "जाऊ आत?"