जखम पुसताना

मागूर माशाचा काटा बोटात रुतून मनिरामचा हात कोपरापर्यंत सुजला होता. पाच दिवसांच्या औषधाने ताप उतरला, बोटही वाचलं. नर्सिंग शिकणारी ज्योत्स्ना बापाच्या जखमेतला पू कापसाने पुसत होती.

"रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंवर जाळं टाकतेत बाबा, तुमच्यावानीच."

जन्मभर तलावात जाळं टाकणाऱ्या मनिरामला नवल वाटलं. "एवढुशा पेशीजवळ जाळं कुठून येते?"

"सोताच्याच पोटातलं उकलून टाकते."

"मंग ते जगते का?"

"नाही. जंतूले धरून तेथंच मरते. हा पू म्हणजे बहुतेक मेलेल्या पेशीच."

मनिरामने वाकून कापसावरचा पू पाहिला.

"मंग जरा हळू पूस, बेटा."

"दुखते का?"

"मले नाही."