एक चकती कमी

पोकरच्या डावात पैशांऐवजी लावायच्या मातीच्या चकत्या ती घरीच घडवायची. तान्ह्याला सांभाळून काम, म्हणून या नव्या गिऱ्हाइकाला तिने दुप्पट भाव सांगितला होता. त्याने घासाघीससुद्धा केली नाही.

भट्टीतून निघालेली प्रत्येक चकती ती कानाशी धरून नखाने वाजवायची. बद्द वाजली तर तडा, खणखणली तर पक्की. या खेपेची पहिलीच खुदकन हसली. तिला वाटलं, पाळण्यात बाळ हसलं. दुसरी हुंकारली, तशी तीही लाडाने हुंकारली.

नवरा चकत्यांचा खोका गिऱ्हाइकाकडे पोचवून आला, तेव्हा बाळ तोंड वासून रडत होतं. गाल भिजले होते, पण आवाज नव्हता.

तिने गिऱ्हाइकाला फोन लावला. पलीकडे चकत्या खळखळत होत्या आणि ओळखीचं हसू फुटत होतं.

"दादा, परत द्या हो. पैसे नकोत मला."

"आता कुठे ताई? वाटून झाल्या, डाव रंगलाय! आणि एक कमी भरली. तेवढी न्यायला माणूस पाठवलाय."

ती चकती भट्टीतच राहिली होती. तिने ती बाहेर काढली, कानाशी धरली आणि नखाने वाजवली.

"आई," चकती म्हणाली.

बाळ अजून एकदाही आई म्हणालं नव्हतं.

दारावरची बेल वाजली.